आजोबांची मोटार आणि धुराची चिठ्ठी

सोलापूर, सांगली, फलटण, बारामती अशा बाजारपेठांच्या गावी जुन्या पेढ्यांच्या मागील अंगणात किंवा गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एखादी मोटार आजही दृष्टीस पडते. बहुधा ती फियाट असते, कधी अ‍ॅम्बॅसेडर, क्वचित एखादी डॉज किंवा मॉरिस. घरातील ज्येष्ठांना तिचा सारा इतिहास मुखोद्गत असतो. कोणत्या वर्षी तिचा क्रमांक लागला, मुंबईहून ती कोणी चालवत आणली, कोणती सूनबाई तीतून प्रथम माप ओलांडण्यास आली, हे सर्व त्यांना सांगता येते. तिचे आरसी बुक कोणत्या कपाटात आहे, हे मात्र बहुतेकदा कोणालाच सांगता येत नाही.

अशा मोटारींच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत दोन टोकांचे वर्तन दिसून येते. काही कुटुंबे वर्तमानपत्रांतील बातम्यांनी धास्तावून, वजनाच्या भावाने, पन्नास-साठ वर्षे जपलेली गाडी भंगारवाल्याच्या हवाली करतात. दुसरी काही कुटुंबे तीच गाडी रंगरंगोटी करून, फुलांच्या माळा घालून वरातीत मिरवतात आणि तिची नोंदणी, विमा, धूर चाचणी यांपैकी काहीही वैध नसते. पहिल्या प्रकारात वारसा जातो, दुसऱ्या प्रकारात एखाद्या अपघातानंतर घरावर मोठी आर्थिक जबाबदारी येऊ शकते. दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे नियम नेमका काय म्हणतो याची माहिती नसणे.

या मोटारी व्यापारी घराण्यांत इतक्या संख्येने का आढळतात, यालाही इतिहास आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीची स्थापना केली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या तेथे जोडल्या जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १,०८९ सीसीचे इंजिन असलेली फियाट ११०० मध्यमवर्गाच्या व व्यापाऱ्यांच्या आटोक्यात आली. आटोक्यात म्हणजे पैशाच्या दृष्टीने. प्रत्यक्ष गाडी हाती येण्यास प्रतीक्षा यादीत काही वर्षे काढावी लागत. सत्तरच्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने साऱ्या देशाच्या परिचयाची झाली. टॅक्सींना मुंबईत वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी मालकीच्या फियाटला ती मर्यादा लागू नाही. टॅक्सीचा नियम घरच्या गाडीला लावून घेणारे लोक आजही भेटतात, म्हणून हा भेद येथे नोंदवणे आवश्यक आहे.

याहून मोठा गोंधळ दिल्लीच्या बातम्यांनी केला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर आणि २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध आणले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे निर्बंध कायम केले. जुलै २०२५ मध्ये तर अशा वाहनांना पेट्रोल पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग दिल्लीत सुरू झाला आणि काही दिवसांतच स्थगित झाला. या साऱ्या आदेशांची व्याप्ती दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरापुरती आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीला केवळ वयामुळे बंदी नाही. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. केंद्र शासनाच्या भंगार धोरणातही खासगी मालकाची सुस्थितीतील मोटार वय झाले म्हणून मोडीत काढण्याची सक्ती नाही. गाडी तपासणीत उतरली पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचा नवा वर्ग

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत 'व्हिंटेज' हा शब्द फार काटेकोरपणे वापरला जातो. इंग्लंडमधील जाणकार १९३० नंतरच्या गाडीला तो मान देत नाहीत. भारतातील मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात १९४० अखेरपर्यंत तयार झालेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेने प्रमाणित केलेल्या गाड्यांना हप्त्यात २५ टक्के सवलत होती. कायद्याने मात्र सरळ हिशोब मांडला. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या विक्रीनंतरच्या प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांचा 'व्हिंटेज मोटार वाहन' हा स्वतंत्र वर्ग अस्तित्वात आला. त्यामुळे हा विषय संस्थानिकांच्या रोल्स रॉइसपुरता उरलेला नाही. १९७५ अखेरपर्यंत नोंदलेली साधी फियाट, अ‍ॅम्बॅसेडर, एवढेच नव्हे तर लॅम्ब्रेटा स्कूटरही आता वयाच्या निकषात बसते.

वयाबरोबर दुसरी अट आहे, आणि अनेकांचे गाडे तेथेच अडते. वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मूलभूत बदल झालेला असता कामा नये. ऐंशीच्या दशकात डिझेल स्वस्त होते आणि व्यापाऱ्याचे फिरणे दांडगे. त्या काळी कितीतरी फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर गाड्यांची मूळ पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल इंजिने बसवण्यात आली. त्या वेळी तो शहाणपणाचा व्यवहार होता. आज त्या गाडीचे वय साठ असले तरी ती या वर्गात बसत नाही. ज्या घरांत मूळ इंजिन माळ्यावर किंवा गोदामात पडून आहे, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

नोंदणीसाठी अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर करावा लागतो. सोबत विम्याची प्रत, आधी नोंदलेल्या गाडीचे जुने आरसी बुक, आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचे बिल ऑफ एन्ट्री जोडावे लागते. राज्याने नेमलेली समिती गाडी पाहून ती या वर्गास पात्र आहे की नाही हे ठरवते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. त्यानंतरच्या पुनर्नोंदणीस ५,००० रुपये लागतात. नव्याने क्रमांक दिला जात असल्यास त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. ज्या गाडीला पूर्वीपासून क्रमांक आहे तिला तो मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. ज्यांच्या घरी आजोबांनी हौसेने मिळवलेला क्रमांक आजही दारात उभा आहे, त्यांना या तरतुदीचे मोल सांगावयास नको.

या नोंदणीची किंमत मात्र केवळ रुपयांत मोजता येत नाही. व्हिंटेज वर्गातील गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही आणि व्यावसायिक कारणासाठी तर मुळीच नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तेथे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्याच कारणांसाठी ती चालवता येते. रविवारी सकाळी मंदिरात जाण्यासाठी किंवा भाच्याच्या लग्नात नवरदेवाला बसवण्यासाठी तिचा वापर करणे या चौकटीत बसत नाही. भाड्याने वरातीस देणे तर उघडच नियमभंग आहे.

दुसरा मार्ग अर्थातच सर्वसाधारण नोंदणीचा. त्यात गाडी मनास येईल तेव्हा चालवता येते, परंतु खर्चाचा हिशोब निराळा पडतो. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. आयात केलेल्या चारचाकीसाठी हाच आकडा ८०,००० रुपये आहे. हे नूतनीकरण पाच वर्षांचे असल्याने दहा वर्षांत ते दोनदा येते. म्हणजे कुर्ल्यात बनलेल्या फियाटसाठी दहा वर्षांचे शुल्क दोन्ही मार्गांनी २०,००० रुपयेच पडते, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. परदेशातून आलेल्या शेव्हरोले किंवा ब्यूकसाठी मात्र सर्वसाधारण मार्गाने १,६०,००० रुपये आणि व्हिंटेज मार्गाने २०,००० रुपये असा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हा हिशोब मांडल्यावर निर्णय पुष्कळसा आपोआप होतो. फियाट चालवण्याची हौस असेल आणि शरीर साथ देत असेल तर ती सर्वसाधारण नोंदणीतच ठेवणे बरे. वर्षातून दोनदा ताडपत्री निघणाऱ्या आयात गाडीसाठी व्हिंटेज वर्गच योग्य. नूतनीकरण वेळेत न केल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क लागते, म्हणजे दोन वर्षांच्या आळसाचे १२,००० रुपये होतात, हेही या हिशोबात धरले पाहिजे.

वयाला सूट नाही

आता धुराकडे वळू. इतकी जुनी गाडी, तिला पीयूसी कशाला, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ वा नियम स्पष्टपणे सांगतो की १ मार्च १९९० पूर्वी बनलेल्या सत्तर सीसीपर्यंतच्या मोटारसायकली वगळता प्रत्येक मोटार वाहन विहित मानकांत बसेल अशा स्थितीत ठेवले व चालवले पाहिजे. नियमाने छोट्या, जुन्या मोटारसायकलींचा अपवाद मुद्दाम नोंदवला आणि मोटारींचा नोंदवला नाही, यातच त्याचा आशय स्पष्ट होतो. १९५५ ची गाडी असो वा १९७५ ची, सार्वजनिक रस्त्यावर ती आली की धुराची चिठ्ठी तिच्याजवळ असली पाहिजे. व्हिंटेज वर्गातील गाडी रॅलीसाठी बाहेर काढतानाही ही चिठ्ठी खिशात ठेवणेच इष्ट.

परदेशात याबाबत निरनिराळी धोरणे आहेत. ब्रिटनमध्ये मूलभूत बदल न झालेल्या चाळीस वर्षांवरील गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धूर चाचणी द्यावी लागत नाही. जर्मनीत तीस वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीला विशेष क्रमांक मिळतो आणि ती शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांतही फिरू शकते. तेथे स्थायिक झालेले आप्त जेव्हा 'आमच्याकडे जुन्या गाडीला काही लागत नाही' असे सांगतात, तेव्हा ते खरेच सांगत असतात, पण ते तिकडचे.

भारतीय नियमाने सूट दिली नाही, परंतु जुन्या इंजिनाकडून अशक्य अपेक्षाही ठेवलेली नाही. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल मोटारीसाठी आयडलिंगच्या स्थितीत, म्हणजे गाडी उभी असून इंजिन संथ चालू असताना, धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत आणि न जळालेल्या हायड्रोकार्बनचे प्रमाण दशलक्षात १,५०० भागांपर्यंत चालते. भारत स्टेज चारच्या गाडीसाठी हेच आकडे ०.३ टक्के आणि २०० भाग असे आहेत. पहिल्या आकड्यात नव्या गाडीच्या दहापट सवलत जुन्या गाडीला मिळाली आहे. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना ती आणखी सैल, ४.५ टक्के व ९,००० भाग अशी आहे. डिझेल गाड्यांची चाचणी वेगळी असते आणि व्हिंटेज वर्गात त्या जवळजवळ नसतातच, म्हणून तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. जुन्या गाडीची चिठ्ठी सहा महिने चालते, भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांची एक वर्ष.

चिठ्ठीविना किंवा मानकांबाहेर गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अशी कमाल तरतूद असून तीन महिने परवाना अपात्र ठरू शकतो. पीयूसी नसेल तर विम्याचे नूतनीकरण करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले होते. तृतीय पक्ष विम्यापुरती ती अट २०२४ मध्ये काढून घेण्यात आली, कारण विमा नसलेल्या गाडीने अपघात झाला तर त्याची झळ निरपराध माणसाला बसते. तेव्हा चिठ्ठी नाही म्हणून विमाही नाही, ही सबब आता उरलेली नाही.

मिस्त्रीच्या हातातील परीक्षा

तीन टक्क्यांची मर्यादा फियाटच्या इंजिनाला अवघड नाही. गाडीत दोष असेल तरच ती नापास होते आणि तो दोष बहुधा किरकोळ असतो. कार्बन मोनॉक्साइड वाढतो तो मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाल्याने. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरापट हवा लागते. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल, चोक पूर्ण उघडत नसेल, कार्बोरेटरमधील फ्लोट चढत असेल किंवा आयडलिंगच्या मिक्श्चरचा स्क्रू जास्त सैल केलेला असेल, तर हे प्रमाण बिघडते. हायड्रोकार्बन वाढतो तो पेट्रोल न जळताच बाहेर पडल्याने. त्याची कारणे प्लग काळे पडणे, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट झिजणे, टायमिंग सरकणे, किंवा रिंगा गेल्याने तेल जळणे ही होत. शेवटचे कारण तेवढे खर्चाचे, बाकी सारी एका दुपारची कामे आहेत.

अडचण निराळीच आहे. सोलेक्सच्या कार्बोरेटरवर कान लावून आयडलिंग बसवणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीचे झाले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकण्यास कोणी तयार नाही. नव्या गॅरेजमधील मुले संगणक जोडून गाडीचा आजार ओळखतात. या गाडीला तो जोडण्याची जागाच नाही. ज्या गावात असा एखादा जाणता मिस्त्री आहे तेथील मालकांनी त्याच्याकडून आपल्या मुलांना किमान प्लग, पॉइंट आणि मिक्श्चर या तीन गोष्टी शिकवून घ्याव्यात. गाडी टिकवण्यात या शिक्षणाचा वाटा रंगकामाहून मोठा असेल.

चाचणीच्या दिवशीही थोडे पथ्य लागते. महिनोन्महिने उभी असलेली गाडी थेट केंद्रावर नेल्यास ती हमखास नापास होते, कारण थंड इंजिन आणि शिळे पेट्रोल. आधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून इंजिन चांगले तापवावे, चोक पूर्ण आत ढकललेला आहे याची खात्री करावी, सायलेन्सरला भोक असल्यास ते आधी बंद करावे, अन्यथा बाहेरची हवा धुरात मिसळून आकडा खोटा येतो. काही केंद्रांवर गाडी न तपासताच चिठ्ठी मिळते, हे सर्वांस ठाऊक आहे. तशी चिठ्ठी घेणाऱ्याला दंडापासून कदाचित संरक्षण मिळेल, पण आपल्या इंजिनाचे दुखणे त्यास कधीच कळणार नाही. शे-दीडशे रुपयांत होणारी ही चाचणी म्हणजे इंजिनाची स्वस्तातली रक्ततपासणी आहे. एक इशारा मात्र गांभीर्याने द्यावयास हवा. दार बंद असलेल्या गोदामात किंवा गॅरेजमध्ये गाडी चालू करून ठेवणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बॅटरी उतरू नये म्हणून दर आठवड्याला गाडी चालू करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती दार सताड उघडे ठेवून किंवा गाडी अंगणात ढकलूनच पाळावी.

इंधनाचा प्रश्न अलीकडे अधिक नाजूक झाला आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू लागल्या, कारण शिशाचा थर त्यांना वंगणासारखे संरक्षण देत असे. त्यावर कठीण धातूच्या बैठकी बसवून मार्ग काढला गेला. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण थोडे हलके होते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड उलट कमी भरतो. चाचणीच्या दृष्टीने ही जमेची बाजू. परंतु जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, गॅस्केट यांना इथेनॉल मानवत नाही आणि ते हवेतील पाणी ओढून घेत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. यावर उपाय साधा आहे. पाइप नव्या प्रकारचे बसवावेत, टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये आणि गाडी वापरानंतर दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्बोरेटर रिकामा करावा. पाइप गळून गरम इंजिनावर पेट्रोल पडण्याचा धोका धुराच्या दंडाहून कितीतरी मोठा आहे.

या नियमांत एक विसंगती आहे, ती नजरेआड करता येत नाही. धूर खरोखर कमी करायचा तर सीएनजी संच बसवणे, आधुनिक इंजिन घालणे किंवा गाडी विजेवर चालणारी करून घेणे हे सर्वांत परिणामकारक उपाय. यांपैकी इंजिन बदलले की व्हिंटेज वर्गाचे दार बंद होते, आणि सीएनजी संचानेही मूळ स्वरूपाची अट धोक्यात येते. म्हणजे कायद्याला गाडी जशीच्या तशी हवी आणि तिचा धूरही मर्यादेत हवा. वरवर हा अडवणुकीचा प्रकार वाटतो. परंतु वर्षाला दोन-तीनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीने शहराची हवा बिघडत नाही, हे शासनानेही जाणले असावे. म्हणूनच तिचे अंतर वापराच्या अटीने मर्यादित केले आणि इंजिनाला हात लावू दिला नाही. ज्या दुकानासमोर ही फियाट अभिमानाने उभी केली जाते, त्याच दुकानाचा माल वाहणारा डिझेल टेम्पो रोज शंभर किलोमीटर काळा धूर सोडीत धावतो आणि त्याच्या चिठ्ठीची मुदत कोणी पाहिलेली नसते. हवेची चिंता खरी असेल तर आरंभ त्या टेम्पोपासून व्हावा.

कपाटातील कागद

प्रत्यक्षात गाड्या अडतात त्या धुरापेक्षा कागदांवर. पीयूसीचे प्रमाणपत्र २०२१ पासून देशभर एकाच नमुन्यात मिळते. त्यावर क्यूआर कोड असतो आणि मालकाचा मोबाईल क्रमांक नोंदवावा लागतो. केंद्रावरील यंत्र वाहनाची माहिती परिवहन विभागाच्या संगणकीय नोंदीशी ताडून पाहते. साठच्या दशकातील हस्तलिखित आरसी बुकाची नोंद संगणकात चढलेलीच नसेल तर इंजिन कितीही निरोगी असो, काम पुढे सरकत नाही. अशा वेळी मूळ कागद घेऊन आरटीओत बॅकलॉग नोंद करून घेणे हेच पहिले पाऊल ठरते. गाडीचा रंग काढण्यास देण्यापूर्वी हे काम उरकावे.

दुसरी अडचण मालकाच्या नावाची. गाडी आजोबांच्या नावे, आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, वडीलही गेले, आणि आता तीन चुलत भाऊ तिच्यावर सारखेच प्रेम करतात. नियमानुसार मालकाच्या मृत्यूची खबर तीस दिवसांत द्यावी लागते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाने गाडी आपल्या नावे करून घ्यावी लागते. इतकी वर्षे लोटल्यावर वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतरांचे ना-हरकत पत्र गोळा करावे लागते. सर्व भाऊ हयात आणि एकमताचे असतानाच हे काम सोपे असते. पुढच्या पिढीत वारसांची संख्या दहावर जाते, त्यांतील चौघे परदेशी असतात आणि एका सहीसाठी वर्ष निघून जाते.

व्यापारी कुटुंबांत आणखी एक प्रकार विशेष आढळतो. गाडी व्यक्तीच्या नव्हे, पेढीच्या नावावर असते. भागीदारी कधीच विसर्जित झालेली असते, ताळेबंदात घसारा वजा होत होत गाडीची किंमत नाममात्र उरलेली असते आणि पेढीचे विसर्जनपत्र तयार करताना तिचा उल्लेख करण्याचे कोणाच्या ध्यानातही आले नसते. कागदोपत्री ती गाडी आज अस्तित्वात नसलेल्या मालकाची ठरते. विसर्जनपत्राची प्रत, तत्कालीन भागीदारांची किंवा त्यांच्या वारसांची संमती आणि घरच्या चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला यांखेरीज ही गाठ सुटत नाही. त्याचप्रमाणे गाडी बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या कर्जाने घेतली असल्यास आरसी बुकात तारणाची नोंद असते. कर्ज १९७३ मध्येच फिटले असले तरी नोंद आपोआप पुसली जात नाही. नमुना ३५ वर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही व ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मूळ बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर तिची उत्तराधिकारी बँक हे प्रमाणपत्र देऊ शकते. जुने खाते बंद झाल्याचा एखादा कागद जवळ असेल तर शाखाधिकाऱ्याचे काम सुकर होते. फिटलेल्या कर्जाची पावती फेकून देणाऱ्यांना या क्षणी पश्चात्ताप होतो.

कागदांचे महत्त्व विक्रीच्या वेळी आणखी एका बाजूने पुढे येते. वैयक्तिक वापराची मोटार ही आयकर कायद्यानुसार भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवरील नफा करमुक्त असतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९८३ मध्ये वीस हजार रुपयांना घेतलेली १९३१ सालची एक फोर्ड गाडी पुढे एकवीस लाखांना विकली गेली. तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये निकाल मालकाच्या विरुद्ध लागला. ती वैयक्तिक वापरात होती याचा पुरावा मालकास देता आला नाही, हे त्यामागील मुख्य कारण. सहा-सहा महिन्यांच्या पीयूसी चिठ्ठ्या, विम्याच्या पावत्या, गॅरेजची बिले, पेट्रोलच्या नोंदी यांची एक फाइल घरात असती तर त्या मालकाची बाजू अधिक भक्कम झाली असती, असे म्हणण्यास जागा आहे. व्हिंटेज वर्गात नोंदलेली गाडी रोजच्या वापरात नसल्याने तिच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होऊ शकतो. तेव्हा मोठ्या रकमेची विक्री योजणाऱ्यांनी सौदा ठरण्यापूर्वीच कर सल्लागाराकडे जावे. व्हिंटेज वर्गातील गाडीची विक्री झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणास कळवण्याचे बंधनही आहे.

सर्वच कुटुंबांना गाडी ठेवणे जमणार नाही. शहरात जागा नाही, मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशी आहेत, मिस्त्री मिळत नाही, ही कारणे खरी आहेत. अशांनीही वजनाच्या भावाचा मार्ग शेवटचा धरावा. अहमदाबादजवळ कठवाडा येथे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी उभारलेल्या 'ऑटो वर्ल्ड' संग्रहात शंभराहून अधिक जुन्या गाड्या जतन झाल्या, त्या संग्राहकाच्या चिकाटीने. आज महाराष्ट्रातही फियाटच्या मूळ दरवाजांसाठी, डॅशबोर्डसाठी, काचांसाठी शोध घेणारे शौकीन आहेत. कागद स्वच्छ असलेली, मूळ इंजिन असलेली आणि नुकतीच धूर चाचणी उतरलेली गाडी त्यांच्याकडे भंगाराच्या कितीतरी पट किमतीला जाते, आणि पुढे चालतही राहते. विकणाऱ्याने एवढेच करावे की जुन्या आरसी बुकाची आणि आजोबांच्या नावाच्या पानाची एक छायाप्रत घरच्या दप्तरात ठेवून घ्यावी.